तुझ्याकडून की बाबांकडून

ती. आईला धाकटीचा वाकून नमस्कार.

दादा आज खिडकीशी बसून दोन घास जेवला. पाठीची जखमही सुकली आहे.

तू फोनवर विचारलंस, ते खरं आहे. त्वचेच्या कॅन्सरशी लढायची ताकद काही अंशी जन्मतःच मिळते आणि दादाला ती कमी मिळाली, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. औषध म्हणूनच लागू पडत नसावं. हे तुझ्याकडून आलं की बाबांकडून, ते तुमचं रक्त तपासलं तर कळेल. मीच नको म्हटलं. दादा हसला, “बरं केलंस. नाहीतर माझ्यामागे दोघं भांडत बसतील.”

बाबांना झोप लागते का?

आणि त्याचा स्वेटर पुरा व्हायची वाट बघू नकोस. बाही राहिली तर राहू दे. तुम्ही दोघं याच आठवड्यात निघा.

तुझीच,
धाकटी