आईने निवडलेली लिफ्ट

प्रिय ठमे,

आपल्या घरात लिफ्ट बसली. दचकू नकोस, आमचे गुडघे अजून शाबूत आहेत आणि जिनाही जिथल्या तिथे आहे. आई पहिल्यांदा म्हणाली, "आपल्याला लिफ्ट घ्यायला हवी," तेव्हा मीही असाच चक्रावलो होतो. दोन मजल्यांच्या घराला लिफ्ट म्हणजे लोक काय म्हणतील, असं मी विचारलं, तर म्हणते कशी, "माणसांची नव्हे हो, गाडीची!"

मामाने आजोबांचं गॅरेज बंद केलं आणि त्यांची जुनी हिरवी गाडी आपल्याकडे पाठवून दिली, एवढं तुला ठाऊक आहे. ती चालत नव्हती. मला वाटलं, आई चार दिवस वडिलांची आठवण म्हणून तिच्याकडे बघेल आणि मग भंगारात देईल. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी पाहतो तर पुठ्ठा अंथरून बाईसाहेब गाडीखाली, बाहेर नुसते पाय. मी चहा घेऊन गेलो आणि तिच्या चपलांशी बोलत उभा राहिलो. पुढचे दोन महिने माझा संसार त्या चपलांशीच चालला म्हण ना!

मग एका दुपारी ती चहासाठी बाहेर आली, दोन घोट घेतले असतील नसतील, तोच मागे धाडकन आवाज झाला. जॅक निसटला होता. पुढचं चाक काढलेलं, त्यामुळे गाडी थेट त्या पुठ्ठ्यावर बसली. माझ्या हातातला कप पडून फुटला. तिने तिचा कप खाली ठेवला. मी घसा फुटेस्तोवर ओरडलो, की ही गाडी आजच्या आज या घरातून जाईल. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "चूक माझी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायला नको होतं. यापुढे मी गाडीखाली आडवी व्हायची नाही. उभं राहूनच काम करेन." लिफ्टची गोष्ट तिथून निघाली.

दुकानातला विक्रेता मोठा गोड बोलणारा. सगळं मला सांगत होता, साहेब हे बघा, साहेब ते बघा. मला स्क्रूड्रायव्हर आणि पाना यांतला फरक कळतो, त्यापलीकडे आनंदच. आई मागून एकेक प्रश्न टाकत होती आणि तो उत्तर मला देत होता. कात्रीसारखी उघडणारी लिफ्ट त्याने अगदी गळ्यात मारायला आणली. आई म्हणाली, "हिचा सांगाडा बरोबर मधोमध येतो. मग मी गिअरबॉक्स काढू कुठून?" चार खांबांच्या लिफ्टवर गाडी चाकांवरच उभी राहते, आणि आईला तर ब्रेकच्या कामासाठी चाकं मोकळी हवीत. राहिली दोन खांबांची. तिला वर आडवा दांडा असतो, तो आपल्या छताला लागला असता. आईने आदल्या दिवशी मला शिडीवर चढवून उंची मोजून घेतली होती, साडेनऊ फूट. तेव्हा दांडा नसलेली, दोन्ही खांब खालून पट्टीने जोडलेले असतात ती हवी, असं तिनेच त्याला सांगितलं. मग विचारलं, "गाडी वर असताना लिफ्टची तेलाची नळी फुटली, तर तिला धरून ठेवणारं काय आहे?" तो हसून म्हणाला, "नळी फुटत नाही हो बाई." आई म्हणाली, "माझ्या वडिलांच्या गॅरेजमध्ये फुटली होती. मी खाली होते. खटका होता म्हणून आज तुमच्याशी बोलतेय." त्यानंतर त्याने 'साहेब' म्हणणं सोडलं आणि प्रत्येक खटका तिला वाजवून दाखवला. मी आपला कॅटलॉग धरून उभा!

घरी येताना मी विचारलं, तू खाली काय करत होतीस? तर बाराव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत ती तिथे काम करत होती, ठमे! शाळा सुटली की गॅरेज. मी तिला पहिल्यांदा भेटलो तेव्हा तिच्या बोटांना रॉकेलचा वास येत होता आणि मी समजलो, स्टोव्ह पेटवून आली असेल. तो हातांचं ग्रीस काढल्याचा वास होता. मी म्हणालो, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बोलले होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये माणूस हवा होता, मी जाऊ का म्हणून विचारलं. तुम्ही हसलात." मला आठवेना. खूप ताण दिला, तरी आठवेना. मी थट्टा समजून हसलो असणार आणि जेवायला बसलो असणार. तिने राग धरला नाही, हे तर आणखीनच लागलं.

असो. जमिनीचं काँक्रीट साडेतीन इंचच जाड निघालं, खांबांना पाच तरी हवं, म्हणून फरशी फोडून नवं काँक्रीट ओतलं. ते पक्कं होईपर्यंत महिनाभर आई रोज जाऊन त्याच्याकडे बघायची, पाळण्यात बघावं तशी. परवा लिफ्ट बसली. तिने बटण दाबलं, हिरवी गाडी डुलत वर गेली, खटके टकटक वाजले, आणि तुझी आई ताठ मानेने तिच्याखाली जाऊन उभी राहिली. इतकी हसली, की शेजारचे दातांचे डॉक्टर बघायला आले, आणि आज त्यांचीच गाडी वर चढलेली आहे!

आता मुख्य मुद्दा. दीड महिन्यापूर्वी तू फोनवर म्हणालीस, की ऑफिस सोडून व्हायोलिन दुरुस्त करायला शिकणार आहेस, त्या म्हाताऱ्या कारागिराने हो म्हटलंय. मी काय केलं, ते तुला माहीत आहे. तू फोन ठेवलास, पुन्हा केला नाहीस, आणि मी म्हणालो, येईल ताळ्यावर. ठमे, ताळ्यावर मी यायला हवं होतं. माझी परवानगी तुला नकोच आहे, पण आनंद हवा असेल तर तो सगळा तुझा. खुशाल जा. हे मी काल फोनवरच सांगणार होतो. नंबर फिरवायला घेतला, तर आईने हात पुसत पुसत फोन काढून घेतला. म्हणाली, "पत्र लिहा. फोनवर तुम्ही हसता."

तुझाच,
बाबा