वहिनीच्या हातच्या मऊ पोळ्या

१२ सप्टेंबर २०२५
आज परत! जेवले, आणि तासाभरात मुरडा. मग नुसती धावाधाव. पोट टम्म फुगलेलं, आणि बाकी अंगावर ब्लाउज लोंबतायत.

आमचा हुबळीचा डॉक्टर हसतो. "एनू इल्ल अक्का, गॅस. टेन्शन माडकोब्याड्री." काही नाही म्हणे, टेन्शन घेऊ नका! मेल्या, टेन्शनने रक्त कमी होतं होय? लोहाच्या गोळ्या गिळून गिळून थकले, रक्त काही वाढत नाही!

एक गोष्ट आज लिहूनच ठेवते. या घरात माझं ताट वेगळं असतं. वहिनी स्वतः ज्वारीची भाकरी खाते. मला पोळ्या. "वन्सं, तुमचं पोट नाजूक. भाकरी जड पडेल. मऊ पोळी केलीय, दुधात कुस्करून खा." मोठी काळजी! स्वतः मात्र त्या पोळीला शिवत नाही.

का?

१४ सप्टेंबर
अण्णा आठवतो. माझा सख्खा भाऊ, वहिनीचा नवरा. असाच वाळत वाळत गेला. जुलाब, सारखं तोंड आलेलं, हातापायांच्या काड्या. डॉक्टर आधी अल्सर म्हणाले, मग टीबी म्हणाले, शेवटी काहीच म्हणेनात. त्यालाही शेवटपर्यंत हिच्याच हातच्या मऊ पोळ्या. रव्याची खीर. चमच्याने भरवायची.

दोन माणसं, एकच स्वयंपाकघर. मी गेले की माझी वरची खोली तिच्या लेकाला, साकेतला.

मी काही खुळी नाही. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला माझा. खोटं बोलताना माणसाचा आवाज कुठे अडखळतो, ते मला बरोबर कळतं. वहिनीचा अजून अडखळलेला नाही. तेच तर!

१७ सप्टेंबर
वहिनीची पाठ वळल्यावर पोळी गल्लीतल्या कुत्र्याला घातली. मेलं शेपूट हलवत अजून मागायला आलं.

कुत्र्यांना काय, दगडही पचतात.

२२ सप्टेंबर
घट बसले. उपवासाचं मी माझं करून घेते, सोवळ्यात. वहिनीचा हात लागत नाही. आता बघतेच.

२८ सप्टेंबर
बघितलं! वरईचा भात, दाण्याची आमटी, केळी, दूध. पोट शांत. चक्क झोप लागते. काल कमरीपेठेतून भाजी घेऊन चालत आले, कुठे टेकावंसं वाटलं नाही.

तिच्या हातचं बंद, दुखणं बंद. आणखी काय पुरावा हवा?

२ ऑक्टोबर, दसरा
लिहू नये असं घडलंय. तरी लिहिते.

उपवास सुटला तो वहिनीच्या पुरणपोळ्यांवर. सणाला नाही कसं म्हणू? संध्याकाळपर्यंत आतडी पिळून निघाली. शेजारचे बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून द्यायला आलेले. "बन्नी तगोंडु बंगारधांग इरोणु" चाललंय, सोन्यासारखं राहू या! आणि मी भिंतीला धरून उभी. वहिनी जवळ आली. "वन्सं, थोडी खीर तरी घेता का?"

सुटलाच माझा तोल. सगळ्यांदेखत ओरडले, "काय कालवतेस त्यात? अण्णाला घालवलंस, आता मला घालवतेस!"

शेजाऱ्यांची बन्नी तशीच हातात. साकेत "आत्या!" एवढंच म्हणाला. वहिनीने खिरीची वाटी खाली ठेवली आणि आत गेली.

३ ऑक्टोबर
वहिनीने ताटं बदलली. माझ्या पोळ्या स्वतःपुढे ओढल्या, तिची भाकरी माझ्याकडे सरकवली. माझ्याकडे बघत बघत सगळ्या पोळ्या खाल्ल्या.

९ ऑक्टोबर
रोज तेच. पोळ्या ती खाते, तिला काही होत नाही. भाकरी मी खाते, मलाही काही होत नाही!

कणकेचा डबा बदलला असणार गुपचूप. दुसरं काय?

साकेत म्हणतो, धारवाडला दाखवूया. आमच्या हुबळीत धारवाडला दाखवणं म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. मला वेडी ठरवतायत!

१३ ऑक्टोबर
चिगरी बसने धारवाड. मीच म्हटलं, चला, होऊन जाऊ दे. वेड्यांची डॉक्टरीण म्हणजे नेत्रा नावाची एक तरुण पोर. मी विषाचं सगळं सांगितलं. वाटलं, आता गोळ्या लिहून देईल. तर हिचं भलतंच! "नऊ दिवस काय काय खाल्लं? आता काय खाता?" परत परत तेच. मग जीभ बघितली, नखं बघितली.

"विष नाही हो अक्का. गहू. काहींच्या आतड्याला गहू चालतच नाही. पोटाच्या डॉक्टरांना दाखवा."

गहू! पोळी, रवा, शेवया... आजारी माणसाला आपण दुसरं देतो तरी काय?

बसमध्ये वहिनीकडे बघवेना. तपासणी होईपर्यंत गहू सोडायचा नाही म्हणे, नाहीतर नीट कळणार नाही. रात्री पोळी वाढताना वहिनीचे डोळे भरले. मी म्हटलं, "वाढ गं. मला माफ कर." ती म्हणाली, "आधी जेवा."

३० ऑक्टोबर
दुर्बिणीची तपासणी झाली होती, आज निकाल. गव्हाचाच आजार. गहू आयुष्यभर बंद. वहिनी नि साकेत बाहेर बाकावर बसलेले. पोटाच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? रक्ताच्या नात्यात असतो हा. मी अण्णाचं सांगितलं. ते लिहिता लिहिता थांबले.

"बहुतेक हेच असणार. आता सिद्ध कसं करणार? पण त्यांचा गहू वेळेत बंद झाला असता तर..." आणि पुन्हा लिहू लागले.

म्हणजे माझंच खरं निघालं! तिच्याच हातच्या पोळ्यांनी गेला अण्णा. शेवटचा घासही तिने भरवलेला, रव्याच्या खिरीचा. देवा, मी वेडी निघाले असते तर किती बरं झालं असतं!

बाहेर आले तर वहिनीने पाण्याची बाटली पुढे केली.

२ नोव्हेंबर
वहिनी भाकरी थापत होती. माझ्याकडे पाठ. थापता थापता थांबली. "वन्सं, यांनाही हेच होतं का हो?"

"छे गं! अण्णाचं वेगळंच होतं. मी विचारलं ना डॉक्टरांना. स्पष्ट नाही म्हणाले."

आवाज कुठेही अडखळला नाही माझा.

"बरं झालं बाई," म्हणाली, आणि पुन्हा भाकरी थापू लागली.