अकरा गाणी, एकही मुडदा नाही

९ जून, सोमवार, सकाळी
लुब्वामाच्या सीडीच्या टपरीवर घबाड मिळालं. लाव सिउ-फाय या चिनी दिग्दर्शकाचा पिक्चर, आणि मी न पाहिलेला! त्याचे चौदा मारधाडीचे पिक्चर मी आमच्या काट्वे वस्तीतल्या व्हिडिओ हॉलमध्ये माइकवर बसून, पिक्चर चालू असतानाच, आमच्या लुगांडा भाषेत सांगितलेत. चिनी येत नाही, पण लावच्या मनातलं मला कळतं. लोक तरी पिक्चर बघायला कुठे येतात? मला, व्हीजे तोफला, ऐकायला येतात.

तिथूनच हॉलच्या मालकिणीला, नाकायिझाला, फोन केला. शनिवारी नवा लाव, फळ्यावर लिहून टाक.

सोमवार, दुपारी
पाहिला. धोबीघाटावरच्या बायका. घाट बंद होणार म्हणून गातात, वाचला म्हणून गातात. अकरा गाणी. मुडदे शून्य. थोबाडीतसुद्धा नाही.

शेवटी रडलो. फार सुंदर पिक्चर. कुणाला सांगायचं नाही.

१० जून
फळ्यावर लिहिलंय: नवा लाव, चाळीस मुडदे! चाळीस नाकायिझाने मनाने घातले. वर म्हणाली, हल्ली तुझ्या शोला लोक जांभया देतात. शनिवारी मधूनच उठले तर माइक किझाला. हा किझा तेवीस वर्षांचा पोरगा. चिनी लोकांच्या रस्त्याच्या कामावर चार वर्षं होता, त्यामुळे म्हणे त्याला खरंच चिनी येतं. चिनी येऊन काय होतं? प्रतिभा लागते.

मी घाबरलेलो नाही. फळ्यासमोरून तीनदा गेलो ते नुसतं अक्षर बघायला.

११ जून
तोडगा सापडला. मुडदे पडद्यावर नसले तरी माइकवर पाडता येतात. म्हातारी धोबीण साबणात विष कालवते आणि गाणी म्हणजे टोळीचे इशारे. सीडी लावून बायकोसमोर तालीम केली. दुसऱ्या गाण्याला नामुली म्हणाली, अहो, ती पोरीला निजवतेय, चेहऱ्यावर दिसतंय की. तिला सांगितलं, तुला यातलं कळत नाही.

१२ जून
तयारी पूर्ण. रात्री दोनदा उठून परत तालीम केली. चहा कमी करायचा.

१३ जून, शुक्रवार
किझा उद्या पहिल्या बाकावर बसणार आहे. नाकायिझानेच बोलावलंय.

एकच उपाय: सीडी खराब झाली म्हणायचं. खिळा घेऊन बसलो. अर्धा तास नुसता बसलो. त्या बायका डोळ्यांपुढे आल्या, हात उठेना. खिळा बोथट होता, हे मुख्य कारण.

१४ जून, शनिवार, रात्री उशिरा
हॉल खच्चून भरलेला. पहिल्या गाण्यात साबणात विष घातलं. एका बोडावाल्याने, म्हणजे मोटरसायकलवर भाडी मारणाऱ्याने, हेल्मेटनेच बाक बडवला. म्हणाला, मग कुणी मरतंय कधी, व्हीजे? दुसऱ्या गाण्यात इशारे चालू केले, तर किझा मागे वळून अगदी नम्रपणे म्हणाला, काका, ती पोरीला निजवतेय. सगळे हसले. बाजारातली भाजीवाली मोठ्यांदा म्हणाली, तोंड आवर रे बाबा, बाई गातेय ना!

एकोणीस वर्षांत मला कुणी गप म्हटलं नव्हतं.

माइक ठेवला आणि मागच्या संडासात जाऊन कडी लावली. वाटलं, आता बाकं सरकतील, लोक निघतील, नाकायिझा किझाला माइक देईल. पत्र्याला कान लावून उभा होतो. बाकं सरकली नाहीत. टाळ्या ऐकू आल्या, ठेक्यात. मग गुणगुणणं.

नवव्या गाण्याला आत गेलो. कुणी वळून पाहिलं नाही. तिसऱ्या बाकावर नामुली डोळे पुसत होती. ती येणार हे मला माहीतच नव्हतं.

१५ जून, रविवार
चर्चहून येतो तो दारात नाकायिझा. म्हणाली, कालच्यासारखा शो तुझ्या हातून कधी झाला नव्हता. एकही माणूस उठला नाही. माइक किझाला देणार नाही, अजिबात नाही.

माझी छाती फुगली. म्हणालो, कुठे थांबायचं हे कळायला अनुभव लागतो.

ती म्हणाली, म्हणूनच माइक मी कपाटात ठेवलाय. पुढच्या शनिवारी असंच कर. सीडी लाव आणि मागे जा. बोडावाले तर विचारत होते, त्या लावचे बाकीचे चौदाही असे शांतपणे बघायला मिळतील का.

ती गेल्यावर नामुलीने चहा दिला. म्हणाली, बरं झालं, तुमच्या घशाला आराम. मी हो म्हणालो.

मला फार भीती वाटतेय.