आयुधपूजेच्या दिवशी वाजलेला फोन

अण्णा, आज सकाळी मोबाइल अडकला म्हणून मी तो जेवणाच्या टेबलावर आपटला. एकदा नाही, तीनदा. काच तडकली, आणि अडकलेला तो अडकलेलाच राहिला. मुलगी म्हणाली, अम्मा, बंद करून सुरू कर ना, मारतेस काय त्याला. मी म्हटलं, आमच्या घरात मारूनच सुरू व्हायचं सगळं. ती हसली. मला नाही आलं हसू, कारण आपटताना माझं मनगट हुबेहूब तुमच्यासारखं वळलं होतं. बोटं जुळलेली, अंगठा आत, जोर तळव्याच्या जाड भागावर. पन्नाशीला टेकलेली बाई मी, व्हाइटफील्डच्या ऑफिसात लोकांना समजावते की यंत्रावर राग काढू नये, आणि घरी हे असं.

राजाजीनगरात पुढे आपलं दुकान आणि मागे घर होतं. गिऱ्हाईक टीव्ही आणून ठेवायचं, तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून सेटकडे क्षणभर बघायचात आणि डाव्या बाजूला वरच्या कोपऱ्याखाली फाडकन एक द्यायचात. चित्र यायचं. लोक टाळ्या वाजवायचे तेवढेच बाकी असायचे. आत तारेचा कुठलातरी सोल्डरिंगचा डाग सुटलेला असतो आणि धक्क्याने तो तात्पुरता चिकटतो हे तुम्हाला ठाऊक होतं, नंतर उघडून नीट डाग द्यायचातच. पण गिऱ्हाइकाला तुम्ही तेवढंच सांगायचात, एक दिल्याशिवाय सुरू होत नाही. हेच आम्हालाही. पाढा चुकला, दूध उतू गेलं, मी शेजारच्या पोरीशी गेटपाशी जास्त वेळ बोलले, की एक. माझ्या उजव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नाही, ती तुम्ही दारात चिरडली होती. मी रेडिओचं बटण फिरवून तुमच्या बातम्या घालवल्या म्हणून. डॉक्टरला आईने सांगितलं, पोरगी पडली. डॉक्टर म्हणाले सरी, ठीक, आणि पट्टी बांधली.

तुमची मतं मात्र ऐकण्यासारखी असायची, हे कबूल करायला हवं. रिमोट आला तेव्हा म्हणालात, आता माणसं खुर्चीतच मरतील आणि घरच्यांना जाहिराती लागेपर्यंत कळणार नाही. पेजर कमरेला लावून फिरणाऱ्यांना तुम्ही घंटा बांधलेले बैल म्हणायचात. केबलवाल्याशी तर तुमची हातापायी झाली होती, त्याने आपल्या गच्चीवरून न विचारता वायर ओढली म्हणून; त्याचा दात पडला, तुमचा शर्ट फाटला, आणि आठवड्याने तुम्हीच कनेक्शन घेतलंत. आजचं हे सगळं तुम्ही बघायला हवं होतं, अण्णा. आता कोण कोणाला हात लावत नाही. बसल्या जागेवरून, तोंड न दाखवता, अनोळखी माणसाला आईवरून शिव्या घालतात आणि मग शांतपणे डोसा खातात. तुम्ही निदान समोर उभे राहून मारायचात. हे तुमचं कौतुक नव्हे हं. नुसतं सांगतेय.

नव्वदचं दशक संपायला दोन-तीन वर्षं असतील तेव्हा माझ्या धाकट्या भावाने कॉम्प्युटर आणला. तो विशीत होता, कॉलेजच्या शेवटच्या वर्षात. मित्रांकडचे सुटे भाग जमवून त्याने मागच्या खोलीत तो उभा केला. तुम्ही दारात उभे राहून बघितलंत. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. हा टीव्ही की पाटी, असं विचारलंत. पण रागावला नव्हतात. मी पाहिलं, तुम्ही मागून वाकून त्याची जोडणी तपासलीत आणि एका तारेवर बोट ठेवून, हा डाग स्वल्प कच्चा आहे, म्हणालात. तो इतका खूश झाला होता की त्या दिवशी दोनदा जेवला.

मग त्यात इंटरनेट आलं, आणि आपल्या घरात फोनची लाइन एकच. धाकटा फोनची वायर काढून आपल्या डब्यात घालायचा, डबा किंचाळायचा, आणि तेवढा वेळ दुकानाचा फोन एंगेज. तो तुम्हाला न विचारता भर दुपारी, तुम्ही सेट पोचवायला गेलात की, हे करायचा. मला माहीत होतं. मी कॉम्प्युटर क्लासात शिकवत होते, मीच त्याला तो नाद लावला होता. एके दुपारी तुमचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक, ते हॉटेलवाले, दुकानात येऊन चार माणसांदेखत ओरडले: चार दिवस फोन लावतोय, तुमच्या घरात कोण इतकं बोलतं, मुलगी का? तुम्ही शटर अर्धं ओढलंत आणि आत आलात.

तो पाठमोरा बसला होता. तुम्ही मागून उजव्या कानावर एक दिलीत. टीव्हीला द्यायचात तशीच, जाड तळव्याची, पण सगळा जोर लावून. तो स्टुलासकट भिंतीवर गेला. उठायला लागला तर पंख्याची वायर हाताला लागली ती तुम्ही दुहेरी केलीत आणि पाठीवर, मानेवर, हातांवर, जिथे पडेल तिथे ओढत सुटलात. आई मधे आली, तिलाही बसली. मी उंबऱ्यात उभी आहे. मी नुसती उभी आहे, अण्णा, आणि त्याच्या कानातून रक्त येऊन कॉलर भिजतेय ते बघतेय. मग तुम्ही हातोडा उचललात. लहानपणी तुम्ही आम्हाला एकच गोष्ट शंभरदा बजावली होती, की पिक्चर ट्यूबच्या काचेला कधी काही लागू द्यायचं नाही, आत हवा नसते, फुटली तर काच आधी आत ओढली जाते आणि मग तोंडावर उडते. हे आख्ख्या गल्लीत फक्त तुम्हाला कळत होतं. आणि तुम्हीच समोरून हातोडा घातलात. आवाज झाला तो मी सांगू शकत नाही. आईच्या दंडात काच घुसली, तुमच्या कपाळात घुसली, मागे चुलीजवळच्या परातीतल्या तांदळातसुद्धा काचा निघाल्या. तुम्ही धापा टाकत म्हणालात, आता लाव फोन कुणाला लावायचा तो.

त्याच संध्याकाळी तो यशवंतपूरहून गाडीत बसला आणि पुण्याला मामाकडे गेला. कानाला कापसाचा बोळा. तिथल्या डॉक्टरने सांगितलं की पडदा फाटलाय, या कानाने फारसं ऐकू येणार नाही. मामाकडे फोन नव्हता. त्याने तिथे कॉम्प्युटरचं काम धरलं आणि मला क्लासच्या पत्त्यावर मेल लिहायला लागला. तुम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. आई रोज देवापुढे रडायची आणि तुम्ही रोज दुकानात सेटना हाणायचात, पण हळू, पूर्वीसारखं नाही.

दसरा जवळ आला तेव्हा त्याचा मेल आला: आयुधपूजेच्या दिवशी सकाळी दहाला बूथवरून फोन करतो. त्या दिवशी फोन हत्यारांबरोबर मांडलेला असेल हे मला ठाऊक आहे. तरी अण्णा माझ्यासाठी तो उचलतात का ते बघायचंय. उचलला तर रात्रीच्या गाडीने येतो. नाही उचलला तर अक्का, मी परत त्या घरात येणार नाही, ते असेपर्यंत नाही. मी तो मेल तिथेच पुसून टाकला आणि घरी येऊन तुम्हाला एवढंच सांगितलं, की पूजेदिवशी दहाला त्याचा फोन येईल. बाकीचं सांगितलं नाही.

आपल्या घरातली ती पूजा. आजोबांची शिंप्याची कात्री, तुमचं सोल्डरिंग, मीटर, पेचकस, आणि धंदा ह्यावर चालतो म्हणून पाटावर काळा फोन, डायलवर हळदकुंकू, रिसीव्हरवर शेवंती. मांडलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. आजोबांच्या वेळी पूजेनंतर एकाने सदऱ्याचा दोरा कात्रीने कापला म्हणून आजोबांनी त्याला चामड्याच्या पट्ट्याने फोडला होता, ही गोष्ट आपल्यात अभिमानाने सांगतात. त्यामुळे फोन वाजला आणि तुम्ही उचलू दिला नाहीत, हे मी सांगितलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. आई दहाला प्रसादाचं ताट घेऊन समोरच्या घरी गेली होती, तिने विश्वास ठेवला. मामाने ठेवला. धाकट्याला मी मेलवर लिहिलं: अण्णांनी हात लावू दिला नाही. पाच शब्द. मेलचं हे एक वाईट, गेला की गेला. पोस्टाची पेटी असती तर कुणाचे तरी पाय धरून परत मागितला असता.

पुढच्या श्रावणात तुम्ही गेलात, दुकानातच, एका उघड्या सेटच्या मागे हात घातलेला असताना. शॉक लागला म्हणाले, मग हृदय म्हणाले. धाकटा आला. अग्नी त्यानेच दिला. परत येताना रिक्षात तो म्हणाला, "पुरा कट होईपर्यंत वाजवला होता, अक्का. अण्णा तिथेच असतील ना?" मी म्हटलं, होते. रिक्षावाल्याने रेडिओ लावला होता, तो मी बंद करायला सांगितला, धाकट्याला ऐकू जात नव्हतं म्हणून.

आता सांगते काय झालं ते. तुम्ही उंबऱ्यात होतात, दोन्ही हातांत कोहळा, भोक पाडून कुंकू भरलेला, वर कापूर पेटलेला. ओवाळून रस्त्यावर आपटायचा तो. मी पाटापाशी, फोन माझ्या हातभर अंतरावर. दहाला वाजला. तुम्ही वळलात. कापूर तुमच्या अंगठ्याला लागत होता. तुम्ही म्हणालात, "उचल ग. त्याचाच आहे, उचल." मी हलले नाही. तो वाजत राहिला. तुम्ही पुन्हा म्हणालात, उचल, आणि तुमचा आवाज फाटला, आणि मी माझ्या करंगळीकडे बघत उभी राहिले. मग तुम्ही कोहळा टाकलात. घरात, देवापुढे फुटला तो, कुंकवाचं पाणी भिंतीवर उडालं, तुमच्या धोतरावर, माझ्या पायांवर, कॉम्प्युटर फोडलात त्या दिवशी मागची खोली होती तसंच झालं सगळं. तुम्ही त्यात घसरलात, गुडघ्यावर पडलात, रांगत पाटापर्यंत आलात आणि शेवंती उडवून रिसीव्हर उचललात. लाइन कट झाली होती. तरी तुम्ही बोललात, "हॅलो. हॅलो, बाळा." कट झालेल्या लाइनच्या नुसत्या सुराशी बोलत होतात, रिसीव्हर उजव्या कानाला धरून.

मग माझ्याकडे बघून विचारलंत, का नाही उचललास. मी म्हटलं, "आज हत्याराला हात लावायचा नसतो, अण्णा." तुमचा हात वर गेला. मी गाल पुढे केला, मला तो हवाच होता. पण तुम्ही रिसीव्हर जागेवर ठेवलात, शेवंती शोधून परत त्यावर ठेवलीत, आणि म्हणालात, त्याला तुझ्या त्या पाटीवर लिही, ये म्हणावं. मी लिहीन म्हटलं. आणि काय लिहिलं ते वर सांगितलंच. दोन महिन्यांनी खरं सांगू, मग संक्रांतीला सांगू, असं करत श्रावण आला. आईला फुटलेल्या कोहळ्याचं तुम्ही काय सांगितलंत माहीत आहे? माझ्या हातून निसटला, म्हणालात. माझं नाव नाही घेतलंत.

धाकटा अजून दर आयुधपूजेला दहाला फोन करतो, आता तोंड दिसतं त्यात. डावा कान पुढे करून बसतो. मी पहिल्या घंटीला उचलते. मुलगी हसते, म्हणते, मामाचा फोन म्हटला की अम्मा पळतच सुटते. मुलीने मोबाइल बंद करून सुरू करून दिला, हे सगळं मी त्याच तडकलेल्या काचेवर टाइप केलंय, बोटाला बारीक टोचतेय. तुमचा तर काही मेलचा पत्ता नाही, म्हणून वर धाकट्याचा टाकला होता. तासभर तसाच ठेवला आणि आत्ता पुसला.

एक राहिलं. तुम्ही गुडघ्यांवर, कुंकवात माखलेले, नुसत्या सुराला बाळा म्हणत होतात, तेव्हा मला वाईट नव्हतं वाटलं. वाटलं, लागली. आयुष्यात मी एकच दिली आणि ती बरोबर बसली. बरं वाटलं होतं मला, अण्णा. फार बरं वाटलं होतं.