भिंतीबाहेरचं घर

९ ऑक्टोबर
वादळ इकडेच येतंय. परवा भरतीच्या आधी शहराच्या समुद्रभिंतीतला दरवाजा लावायचा, साहेबांचा हुकूम. लावणार मी. आणि आई राहते भिंतीच्या बाहेर! भिंतीची रेघ आखली तेव्हा तिची गल्ली समुद्राकडे राहिली.

१० ऑक्टोबर
आईकडे गेलो. "दार लावणारा माझाच लेक, आणि मीच दाराबाहेर," म्हणे. हसत होती, पण मला लागलं. यायला तयारच नव्हती. शेवटी हातापाया पडलो. संध्याकाळी आली – शिलाई मशीन घेऊन! गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्याची खोली दिली. हायसं वाटलं.

११ ऑक्टोबर
दरवाजा लावला. आता शहरात पडेल तो पाऊस पंपवाल्याच्या पंपांनीच बाहेर फेकायचा. त्याची दर महिन्याची चाचणी म्हणजे बटण दाबायचं, हिरवा दिवा बघायचा, बंद करायचं. पंप खरेच चालवले तर घाण पाणी किनाऱ्यावर पडतं, फिरायला येणारे नाकं मुरडतात.
"दिवा लागतो ना, मग झालं," म्हणाला.

१३ ऑक्टोबर
वादळ वळलं, समुद्र चढलाच नाही. पाऊस मात्र कोसळत राहिला. पंपांच्या जाळ्यांत कचरा अडकला, एकेक करत सगळे बंद पडले. शहरातलं पाणी शहरातच! ओहोटी लागली तेव्हा साहेबांना विनवलं – दरवाजा उघडू द्या, सगळं वाहून जाईल. "वरून हुकूम येऊ दे."
हुकूम आला तोवर आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी. ही आईला पाठुंगळी घेऊन जिना चढली. वाचली आई. मी दरवाज्यापाशी हुकमाची वाट बघत उभा होतो.

१४ ऑक्टोबर
आईच्या उंबऱ्यालाही पाणी लागलेलं नाही.

१९ ऑक्टोबर
आमचं घर राहण्यासारखं उरलं नाही. बिऱ्हाड आईकडे हलवलं. मुलं खूश. आई दारातच म्हणाली, "माझ्या घराला नावं ठेवत होतास ना? पाय पुसून ये." साहेबांचा मला राग येतो, त्याहून जास्त माझा.

२ नोव्हेंबर
पुन्हा इशारा. पंपांची दुरुस्ती अर्धवटच. उद्या दरवाजा लावायचाय.
ही विचारत होती, "लावणार तुम्हीच. मग तुम्हीच सांगा – आईंना आणि मुलांना घेऊन मी भिंतीच्या आत जाऊ, की इथेच राहू?"