रॉइसनं कुठलं मशीन घ्यावं

प्रिय रॉइस,

हलकं घेऊ की खोल जाणारं, असं तू विचारलंस आणि मी म्हणालो, विचार करून सांगतो. शनिवारपासून विचार करतोय. म्हणजे स्वयंपाकघरात बसतो आणि खिडकीतून बाग बघत राहतो, त्याला विचार म्हणायचं असेल तर. माझी बाग म्हणजे काय, गवताचा एक तुकडा आणि त्यात मेटल डिटेक्टर पारखायला मी पुरून ठेवलेले डाईम, निकल, अशी दहा-पाच सेंटची नाणी. नोरीन आल्या-गेल्याला सांगायची, "लोकांच्या बागेत घेवडा येतो. माझ्या नवऱ्यानं डाईम पेरलेत. इतकी वर्षं पाणी घालतोय, पीक काही येत नाही." ती फेब्रुवारीत गेली. गवत मी पूर्वीही कापायचो, आताही कापतो. एवढंच की कडेची पट्टी राहिली हे सांगायला कुणी नाही, त्यामुळे ती राहते.

आधी डिटेक्टर मशीनचं बोलू, ते सोपं आहे. हलकं मशीन दिवसभर फिरवलं तरी कोपर धरत नाही. त्याचा पडदा मोठा आहे आणि प्रत्येक धातूचा सूर आपल्याला हवा तसा वर-खाली करता येतो. खोलीला मात्र ते जरा कमी पडतं. जडवालं त्याच्यापेक्षा चांगलं चार बोटं खाली जातं आणि खिळ्यांच्या गर्दीतूनही नाणं वेगळं काढतं, पण त्याचे सूर ठरलेले, बदलता येत नाहीत. चांदीचा सूर तर अगदी बारीक आणि उंच. आपल्या क्लबातला वेंडेल त्याच्यावर जीव टाकतो. पण वेंडेल त्याच्या ट्रकवरही जीव टाकायचा आणि तो ट्रक आपण दोघांनी किती वेळा ओढून आणलाय ते आठव.

तुला घाई का आहे हेही मला कळतं. जत्रेच्या जुन्या मैदानावर काउंटी डांबर घालणार, आणि त्याआधीचा एक रविवार वेंडेलनं खटपट करून आपल्या क्लबला मिळवून दिला. जिथं पाळणे फिरायचे, पोरं उलटीपालटी व्हायची आणि बापांच्या खिशातून चिल्लर गळायची, ती सगळी जागा. चौसष्ट सालापर्यंतची चिल्लर म्हणजे चांदी. कॅफेत बसून तू टेबलावर हात आपटून म्हणालास, "हे शेवटचं. नवीन मशीन घेऊन त्या मैदानातसुद्धा काही मिळालं नाही, तर सगळं विकून टाकतो आणि अर्लीनशेजारी टीव्हीसमोर बसतो." अर्लीन म्हणाली, "नको रे बाबा, आमच्याकडे सोफा एकच आहे." सगळे हसले. मीही हसलो असेन.

मग शनिवारी तू दोन्ही मशीन घेऊन माझ्याकडे आलास, हलकं दुकानातून चार दिवसांसाठी आणलेलं आणि जड वेंडेलचं. वेंडेल आला, अर्लीन आली, तिनं भोपळ्याचा केक आणला. तू जड मशीन घेऊन कुंपणापासून सुरुवात केलीस. निकलवर पटकन थांबलास, "हा निकल!" म्हणून ओरडलास. बरोबर होतं. कॅनच्या कडीवर थांबलास आणि शिवी दिलीस, तेही बरोबर. मग पायऱ्यांसमोर आलास. तिथं वीतभर खाली मी तुला न सांगता चांदीचा डाईम पुरलाय. तुझे हेडफोन गळ्यात होते, आवाज पुरता मोकळा सोडलेला. मशीन गायला लागलं रे, रॉइस. पायरीवर बसलेल्या अर्लीनला ऐकू आलं, तिची सुरी केकमध्येच थांबली. वेंडेल वाकून बुटाची नाडी बघायला लागला, आणि त्याच्या बुटाला नाडी नाही. तू मात्र मशीनची चकती दोनदा त्याच जागेवरून फिरवलीस आणि पुढं गेलास. कुंपणाच्या टोकाला जाऊन म्हणालास, "पायऱ्यांपाशी काही आहे का? नसेल तर ठीक. असेल तर हे मशीन भंगार आहे." मग हलकं घेतलंस. तेही गायलं. तू तेही भंगार ठरवलंस. वेंडेल म्हणाला, बॅटरी उतरली असेल. मी म्हणालो, असेल.

केक खाऊन झाल्यावर अर्लीन माझ्यामागोमाग आत आली, बशा विसळायच्या निमित्तानं. नळ सोडून म्हणाली, "डेल्मार, तूच सांग त्याला. मी सांगितलं तर माझ्यावर ओरडेल. तुझ्यावर फार तर रुसेल." मी बशा पुसत होतो. मी हो म्हणालो, कारण तेव्हा नाही म्हणायला जास्त शब्द लागले असते.

म्हणून सांगतो. तुझे कान गेलेत, गड्या. सगळे नाही गेले. जाडे आवाज तुला येतात, म्हणून निकल येतो, कड्या येतात, गंजके खिळे येतात. बारीक, उंच आवाज येत नाहीत, आणि चांदी नेमकी तिथंच बोलते. गेली दोन वर्षं तू सगळ्यांना सांगतोयस की या तालुक्यातली चांदी संपली, लोकांनी धुऊन नेली. आधी तू मोठी चकती आणलीस, मग महागडे हेडफोन, आता हे खोल जाणारं मशीन. आपल्या लोकांची हीच खोड आहे, काही सापडेना झालं की मशीन बदलायचं. कोर्टाच्या हिरवळीवर तू एक पट्टा पुरा करून गेलास आणि तुझ्याच पावलांवर मला डाईम मिळाला, तेव्हा मला वाटलं नशीब. आता वाटत नाही. आपल्या कारखान्यात तू इतकी वर्षं पत्रा ठोकणाऱ्या दणदणत्या प्रेसवर उभा राहिलास आणि कानात बोळे घालणाऱ्यांना "ऑफिसातली बाळं" म्हणून चिडवायचास. मी रंगकामाला होतो. माझी फुप्फुसं खराब झाली असतील, पण कान शाबूत राहिले.

तू आता हे वाचून ट्रककडे निघाला असशील, मला शिव्या द्यायला. जरा थांब, पुढचं वाच. माझंही काही आहे, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

जूनमध्ये मी एकटाच चर्चच्या जुन्या सहलीच्या जागेवर गेलो होतो. घरात बसून कंटाळा आला म्हणून नव्हे. कंटाळासुद्धा येत नाही हल्ली. नोरीनच्या बहिणीनं फोन करून बाहेर जा म्हटलं, म्हणून गेलो. ओकच्या झाडाखाली चांदी वाजली, एकदम स्वच्छ. गवताची खपली उचलली, माती सारली, आणि हाफ डॉलर. चांदीचा, मोठा, बशीसारखा स्वच्छ. आयुष्यभर मी ज्याची वाट बघितली ते नाणं. मी ते अंगठ्यानं घासलं. ऐकतोयस ना? मी, ज्यानं तुला नाणं घासून चरे पाडल्याबद्दल भर पावसात भाषण दिलं होतं, त्यानं ते घासलं, पँटच्या खिशात टाकलं आणि घरी येऊन झोपलो. पुढच्या आठवड्यात ते कपड्यांच्या मशीनमधून बाहेर आलं. मी ते खिडकीत ठेवलं आणि कपडे वाळत घातले. आनंद नाही झाला, आणि आनंद झाला नाही म्हणून वाईटही नाही वाटलं.

नोरीन गेली त्या दिवशीही असंच होतं. माणसं आली, हॅम आलं, शिजवलेल्या खाण्याची भांडी आली. मी प्रत्येक भांडं धुऊन ज्याचं त्याला परत केलं. लोक म्हणाले, डेल्मार किती खंबीर आहे. खंबीर कसला, मला काहीच होत नव्हतं. मी वाट बघत होतो की आता होईल, अंत्ययात्रेनंतर होईल, तिचे कपडे देऊन टाकताना होईल. तिचे कोट मी चर्चला देऊन आलो आणि येताना बटाटे घेतले. डॉक्टर म्हणतात, वेळ लागतो. लागू दे. मी तक्रार करत नाही. तक्रार करायलाही काहीतरी वाटावं लागतं.

शनिवारी मात्र एक गोष्ट दिसली. तू त्या सडक्या निकलवर थांबलास ना, ज्याची जागा तुला वर्षानुवर्षं पाठ आहे, तो निकल तुझ्या कानांना सापडला तेव्हा तुझं तोंड असं उजळलं की मी बघतच राहिलो. माझ्या कानांना सगळं येतं आणि आत काही पोचत नाही. तुला अर्धं ऐकू येत नाही आणि तरी तुझ्यात सगळं जागच्या जागी आहे. पाच सेंटच्या नाण्यासाठी, लेका.

तेव्हा हलकं घे. सूर खाली आणला तर चांदी तुला ऐकू येईल, हे तुम्ही मशीन माझ्याकडे ठेवून गेल्यावर मी करून पाहिलं, पण मग चांदी आणि कॅनची कडी एकाच आवाजात बोलतात आणि तू दिवसभर कड्या खणत बसशील. डॉक्टरकडे जा, अर्लीन नेईल. तोवर एक उपाय आहे. त्या मशीनला एकाच वेळी दोन हेडफोन जोडता येतात, मी आज दुकानात जाऊन विचारून आलो. एक तू घाल, एक मी घालतो. मशीन तू फिरव. चांदी वाजली की मी तुझ्या खांद्यावर हात ठेवीन. खणायचं तू, आणि नाणंही तुझं. मला नाणं नकोय. माती सारून ते पांढरं दिसतं तेव्हा तुझ्या तोंडावर जे येतं, ते मला जवळून बघायचंय. माझ्यात ते परत येईल की नाही ठाऊक नाही. पण तूही सगळं विकून त्या सोफ्यावर जाऊन बसलास, तर ते बघायला माझ्याकडे दुसरं कुणीही नाही, रॉइस. म्हणून लिहिलं.

रुसलास तरी तुझाच,
डेल्मार