आबा ऐकायला लागले

३ जानेवारी
आबा व्हय म्हणाले! दुपारी ताट वाढताना कसंबसं विचारलं — तळेगावला लॅबमध्ये रक्त तपासायचं काम मिळतंय, जाऊ का? सुनेनं नोकरी करायची नाही, हे सासऱ्यांनी लग्नातच सांगून टाकलेलं. आज मान वर करून "व्हय". एवढंच. माझ्या हातून आमटी सांडली.

५ जानेवारी
माझ्या नवऱ्याला, सुदर्शनलाही होकार मिळाला. नदीकडचं रान गोडाऊनवाल्याला विकायचं म्हणून तो कधीचा मागे लागलेला. आबा काठी उगारायचे. काल म्हणे, "व्हय, व्हय." सुदर्शन अख्ख्या राहू गावात सांगत सुटलाय — "म्हातारा ऐकायला लागला आता."
सगळे खूश. मला का चैन पडत नाही?

६ जानेवारी
"आबा, चहा देऊ का दूध?" — "व्हय."

८ जानेवारी
मुद्दाम त्यांच्या पाठीमागे उभी राहिले. हाक मारली. मोठ्यानं मारली. शेवटी परात खाली टाकली. आबा दोरी वळत बसलेले, तसेच. ते ऐकायला लागलेले नाहीत. त्यांना ऐकूच येत नाही. कुणाला कळू नये म्हणून ज्याला त्याला व्हय म्हणतात.
सांगावं तर रान वाचेल, माझी लॅब जाईल. गप्प बसावं तर गुरुवारी सुदर्शन त्यांना रानाच्या सहीला दौंडला नेणार. भाकरी करपली. दुसरी टाकली, तीही करपली.

९ जानेवारी
सांगितलं. सुदर्शन हसला. मग म्हणाला, "सही होऊ दे, मग दाखवू डॉक्टरला. तू ऐक माझं."
आजवर ऐकतच आले. 'आमची सायली ऐकण्यातली हाय' असं सासूबाई पाहुण्यांत सांगायच्या, तेव्हा बरंही वाटायचं.

१० जानेवारी
माझ्या भावाला, रोहिदासला, गाडी घेऊन बोलावलं. आबांना शिरूरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मशीन बसवलं. बाहेर येताच एसटीचा हॉर्न वाजला, आबा दचकले, माझा दंड धरला. परतताना डोळे मिटून बसले होते. मधेच म्हणाले, "समद्यांची नुसती तोंडं हलायची, पोरी."

११ जानेवारी
सुदर्शननं रानाचं पुन्हा विचारलं. "न्हाई." विषयच संपला. सुदर्शन माझ्याशी बोलत नाही.
मग मीही लॅबचं विचारलं. न विचारता जाता आलं असतं — आधी कशाला व्हय म्हणाले, त्यांना कुठं ठाऊक? पण विचारलं.
"न्हाई. आपल्या घरात ती रीत न्हाई."
घासलेली भांडी परत घासली.

१३ जानेवारी
सकाळच्या जीपनं तळेगावला निघाले. आबा ओट्यावर होते.
"सायली, न्हाई म्हणलो व्हतो ना मी?"
"ऐकलं, आबा," म्हटलं, आणि जीपमध्ये बसले.